सतरा नंबरचा समुद्र

"…आता त्या पोरीला आणखी काय दाखवायचं, बुवा? अख्खा समुद्र वर्गात आणून ठेवला!"

मकरंद पावसकर सहावीला शिकवतो. लहानपणी भानुबुवांच्या मठात राहून शिकला, त्यामुळे वैतागला की अजूनही टेकडी चढून त्यांच्याकडे येतो. आज आला तोच भांडायच्या तयारीत.

बुवा शेंगा सोलत होते. "कोणती पोरगी?"

"शेवंता. शाळेत व्हीआरचे चष्मे आलेत, तीस. डोळ्यांवर चढवले की थेट समुद्राच्या तळाशी. मासे अंगावरून जातात! एकोणतीस पोरांनी पान पान लिहिलं. हिनं एक ओळ. 'सगळीकडे काळं होतं.'"

"मग?"

"मग काय! उभी केली वर्गासमोर. खोटारडी म्हणालो. तेव्हापासून शाळेत पाऊल नाही. तिची आई म्हणते, आता ती यायची नाही."

…

बुवांनी आणखी एक शेंग सोलली. मकरंदचा पारा चढला. त्यानं पिशवीतून चष्मा काढला.

"हा तिचाच. सतरा नंबर. मुद्दाम आणलाय. तुम्हीच बघा, आणि सांगा कोण खोटं बोलतंय!"

बुवांना विचारतो कोण? चष्मा त्यांच्या डोक्यावर चढवला, पट्टा आवळला, बटण दाबलं.

"उजवीकडे बघा. कासव."

बुवांनी उजवीकडे मान वळवली.

"आता वर. देवमासा! घाबरू नका, जाईल तो."

बुवांनी वर पाहिलं. मान डोलावली.

मकरंदला सगळा समुद्र तोंडपाठ होता. पोवळी झाली, तारामासे झाले. सांगता सांगता गडी राग विसरला.

"आहे की नाही भारी?"

"सांगतोस छान."

"ते सोडा हो. दिसलं काय?"

"काळं."

"थट्टा करू नका, बुवा!" मकरंद ओरडला. वर्गात ओरडला होता, तसाच. "मग इतका वेळ माना कशाला वळवत होतात?"

"तू इतक्या हौसेनं दाखवत होतास…"

मकरंदनं चष्मा ओढून घेतला, स्वतःच्या डोळ्यांना लावला. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग दाबूनच धरलं.

…

चष्मा काढून तो खाली बसला. चेहरा उतरला होता.

"बंद आहे हा. मी… मी एकदाही लावून बघितला नाही."

बुवांनी पुढची शेंग हातात घेतली.

लगेच तो सावरला. हीच त्याची खोड. "हरकत नाही! उद्याच बदलून घेतो. तिला नवा देतो, एक नंबरचा. मग दिसेल तिला समुद्र!"

"अरे देवा!" बुवांनी हातातली शेंग सुपात आपटली. "अजून दाखवायचीच घाई! चष्मा ठेव इथे. तिच्या घरी जा, तिच्यासमोर बस, आणि त्या काळ्यात तिला काय काय दिसलं, ते तिच्याकडून शिकून ये."