न सांगितलेला ताप

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात गेनू नावाचा बुरूड राहत होता. सुपे आणि टोपल्या विणण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या बायकोला, हौसाला, कॅन्सर झाला. शहरातल्या दवाखान्यात तिच्यावर महिनाभर उपचार झाले.

घरी सोडताना सिस्टरने गेनूच्या हातात थर्मामीटर दिला. ती म्हणाली, "औषधांमुळे हिच्या अंगातली रोगाशी लढायची ताकद कमी झाली आहे. सकाळ-संध्याकाळ ताप बघा. आकडा शंभराच्या वर गेला तर घरी गोळ्या देत बसू नका. मला फोन करा आणि लगेच निघा. हयगय केलीत तर जिवावर बेतेल."

गेनूने मान हलवली.

पण त्या गावाची एक रीत होती. आजारी माणूस घरी परतले की दारात त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकत. मग पंधरा दिवस त्या घरात दुखण्याचे नाव काढायचे नाही. नाव काढले की टाकलेले दुखणे परत घरात शिरते, असे सगळे मानत. गेनूच्या आईने, कोंडाबाईने, तुकडा ओवाळला आणि बजावले, "आता या घरात ताप, कळ, दवाखाना, काही ऐकू यायला नको."

हौसाचे केस गेले होते. गाल बसले होते. तरी शेजारची सुभद्रा म्हणाली, "दवाखान्यात राहून गोरी झालीस की गं!" हौसा हसली. पण तिला घरात भीती वाटत होती. दवाखान्यात खाटेशी घंटा होती. दाबली की कुणीतरी धावत यायचे. इथे सगळे नुसते बरे बरे बोलत होते.

सहाव्या दिवशी संध्याकाळी गेनूने ताप पाहिला. एकशे एक.

"किती आहे हो?" हौसाने विचारले.

कोंडाबाई चुलीपाशी बसून ऐकत होती.

"नेहमीचाच," गेनू म्हणाला आणि त्याने थर्मामीटर फडताळात ठेवून दिला. हौसाने एकदा फडताळाकडे पाहिले आणि घोंगडी अंगावर ओढली.

दुसऱ्या दिवशी त्याने फडताळ उघडलेच नाही. तो अंगणात बांबू चिरत बसला. ऊन रणरणत होते आणि आत हौसा दोन घोंगड्या ओढून पडली होती. गेनूचा कोयता वाकडा जाऊ लागला. कांबी मध्येच तुटू लागल्या. बोललो आणि दुखणे खरेच परत आले तर? नाही बोललो आणि ती गेली तर?

दुपारी सुभद्रा डोकावली. "अजून झोपूनच? मज्जा आहे बाई एका माणसाची!" तेवढ्यात घोंगडीखालून दात वाजल्याचा आवाज आला. सुभद्राने कोंडाबाईकडे पाहिले. कोंडाबाईने जमिनीकडे पाहिले. दोघींनाही कळले होते.

गेनू उठून आत आला. "हौसाला ताप आहे," तो मोठ्याने म्हणाला. "कालपासून आहे. मी खोटं बोललो."

"अरे, तोंड आवर!" कोंडाबाई ओरडली. "दुखणं घरात बोलावतोस का?"

"आये, ते घरातच आहे. आपण त्याच्यावर घोंगडी टाकून बसलोय."

त्याने फोन लावला. "कधीपासून आहे?" सिस्टरने विचारले. 'आजच चढला' हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. त्याने ते गिळले. "काल संध्याकाळपासून," तो म्हणाला.

"आत्ताच्या आत्ता निघा!"

सुभद्राचा दीर दुधाचा टेम्पो चालवत असे. ती त्याला बोलवायला पळाली. कोंडाबाई क्षणभर दारात आडवी उभी राहिली. मग हौसाचा तापलेला हात तिच्या हाताला लागला. ती बाजूला झाली आणि सुनेच्या चपला शोधू लागली.

वाटेत हौसा हाकेला ओ देईना. प्रत्येक वळणावर गेनू तिच्या नाकापाशी बोटे धरून पाहत होता. दवाखान्यात पोहोचताच तिला सलाइन लावले. डॉक्टर म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर आम्हालाही काही करता आलं नसतं." तीन दिवस कुणी काहीच सांगू शकत नव्हते.

चौथ्या दिवशी हौसाने डोळे उघडले. ती हळूच म्हणाली, "मला त्या संध्याकाळीच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही घाबरला असतात."

गेनूने तिचा हात हातात घेतला.

"मी घाबरलेलोच आहे गं," तो म्हणाला. "यापुढे दोघं मिळून घाबरू."

तात्पर्य: दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाला जपायचे असेल, तर भीती वाटत असतानाही खरे ते वेळेवर सांगावे. दुखणे झाकून ठेवले की ते वाढतच जाते.