पाच लिटरात कुठवर?

“पण उस्ताद, सात देते म्हटल्यावर अजून काय पाहिजे?”

उस्ताद दस्तगीर स्पार्क प्लग पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण देतंय सात?”

“गाडी. लिटरला सात किलोमीटर. दोन महिन्यांपूर्वी पावणेपाच देत होती.”

“असं...”

“तुम्ही शिकवलंत त्याच्याही पुढं गेलोय मी.”

असं तोंडावर म्हणायला छाती लागते. अभिनंदन मगदूमकडं ती होती. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा, वर तीन वर्षं उस्तादांच्या हाताखाली. हात खरोखरच चांगला होता. नुसत्या आवाजावरून कुठल्या सिलिंडरला काय झालंय ते सांगायचा. असा हात असला की माणूस सारखा त्याच्याकडंच बघत बसतो, तेही त्याचं झालं होतं.

गाडी कुरणेकर जहागीरदारांची. सन अठ्ठेचाळीसची, अमेरिकन, आठ सिलिंडरची, वजनाला दोन टन. ती नवी असताना आईसाहेब तिच्यातून धारहून लग्न होऊन कोल्हापूरला आल्या. चाकावर अठरा वर्षांचा दस्तगीर होता.

आता आईसाहेब ब्याऐंशीच्या. त्यांना एकदा माहेरी जाऊन यायचं होतं. पुन्हा जाणं व्हायचं नाही, असं त्या स्वतःच म्हणत. आणि जायचं ते याच गाडीतून. मुलं म्हणत होती, आई, विमानानं जा. आठशे किलोमीटर, ही गाडी वाटेतले सगळे पंप पिऊन टाकील.

उस्तादांचा उजवा डोळा गेलेला. चाक त्यांना धरता येणार नव्हतं. आईसाहेबांनी मुलांना एवढंच सांगितलं, की चाक कुणाच्या हातात द्यायचं ते दस्तगीर ठरवील.

अभिनंदनला ते चाक हवं होतं. जेवताना, झोपताना दुसरा विषय नव्हता. त्यानं हिशेब साधा केला होता. गाडीचं पिणं कमी केलं की मुलांची तोंडं बंद, आणि पिणं कमी करणाऱ्यालाच चाक.

“बरं,” उस्ताद म्हणाले. “पाच लिटरचा डबा लाव.”

उस्तादांची ही जुनी रीत. टाकीची नळी सोडवायची. मोजून पेट्रोल घातलेला डबा इंजिनाला जोडायचा. मग गाडी आपली आपण बंद पडेपर्यंत चालवायची. बंद पडेल तिथं उत्तर.

“मी मागं बसतो,” उस्ताद म्हणाले. “पाच लिटर कुठवर नेतात बघू.”

“आणि चांगली गेली तर?”

“तर चाक तुझं.”

अभिनंदननं उस्तादांच्या पायाला हात लावला. उस्तादांनी पाय मागं घेतले.

फुलेवाडीच्या नाक्यावर सकाळी आठला डबा, आतली पातळी दिसेल असा ड्रायव्हरच्या शेजारी ठेवून, जोडला. समोर गगनबावड्याचा रस्ता. उस्ताद मागच्या सीटवर डाव्या अंगाला, आईसाहेब बसत त्या जागेवर बसले. बसले आणि जरा चुळबुळले.

“गादी बदललीस?”

“स्प्रिंगची गादी फार जड होती, उस्ताद. फोमची टाकली. अठरा किलो वाचले.”

“पाय ठेवायचा पाट?”

“तोही काढला. गालिचा काढला. जॅक, स्टेपनी, पाण्याचा कॅन, सगळं काढलं.”

“हं...”

गाडी निघाली. आणि खरं सांगायचं तर सुरेख निघाली. गिअर कधी बदलला ते कळलंसुद्धा नाही. स्पीडचा काटा पंचेचाळीसवर जाऊन बसला तो तिथंच राहिला. बालिंग्याचा पूल गेला. अभिनंदन ॲक्सिलेटरवर पाय ठेवत होता की नुसता टेकवत होता, त्याचं त्यालाच माहीत.

उस्तादांची मान बारीकशी हलली, ते आरशात दिसलं. अभिनंदनला तेवढं पुरलं.

थोड्या वेळानं मागून आवाज आला. “काच जरा खाली घेतो. गुदमरतंय.”

“नको, उस्ताद. वारा आत शिरला की गाडी अडते. काचा बंदच बऱ्या.”

उस्तादांनी हात खाली घेतला.

मध्ये उसाच्या बैलगाड्या लागल्या. अभिनंदननं लांबूनच पाय सोडला, वेग हळूहळू पडू दिला, मोकळी जागा बघून बाजूनं गाडी काढली. ब्रेकला पाय लागला नाही. असं चालवणं बघायलासुद्धा बरं वाटतं.

पुढं खड्डा आला. रुंद होता, लांबून दिसतही होता. ब्रेक मारला असता तर चुकला असता.

गाडी आदळली. मागं उस्तादांचं डोकं छताच्या पट्टीला लागलं.

“दिसला न्हाई व्हय?”

“दिसला की. पण ब्रेक मारला की पेट्रोल घालून आणलेला वेग फुकट जातो. तुम्हीच सांगितलं होतं, उस्ताद.”

“सांगितलं हुतं,” उस्ताद म्हणाले, आणि डोकं चोळत बसले.

कळे गाव गेलं. किलोमीटरचा आकडा वीस दाखवत होता, आणि डब्यात निम्म्याच्या वर पेट्रोल होतं. अभिनंदननं वाकून दोनदा खात्री केली. कुणीतरी हे बघावं असं त्याला फार वाटत होतं.

“उस्ताद, निम्म्याच्या वर आहे अजून!”

“व्हय. जरा बाजूला घे. लघवीला जायचंय.”

“पाचच मिनिटं. पुढं उतार आहे. उताराला थांबलं की सुटताना जोर लागत नाही.”

“बरं...”

उतार आला. गाडीनं असा काही वेग धरला, की तिला तिथं थांबवणं जिवावर आलं. उतार संपला. पुढचा चढ गाडी त्याच वेगावर निम्मा चढून गेली. अभिनंदन मनातल्या मनात मीटर मोजत होता. मागचं माणूस त्याच्या ध्यानातूनच गेलं होतं, असं म्हटलं तर फार कडक होईल. पण गेलं होतं खरं.

“थांबव,” उस्ताद म्हणाले.

तो थांबला. इंजिन चालूच ठेवलं, कारण बंद करून पुन्हा सुरू करायला जास्त पेट्रोल लागतं.

उस्ताद उतरले. गुडघ्यावर हात ठेवून, दाराला धरून, सावकाश. रस्त्याच्या कडेला बाभळीमागं गेले. त्या वयात त्या कामाला वेळ लागतो. तोवर इंजिन उभ्या जागी पेट्रोल पीत होतं. अभिनंदन एकदा बाभळीकडं बघत होता, एकदा डब्याकडं.

उस्ताद परत आले. दारापाशी उभे राहिले. आत बसेनात.

“बसा ना, उस्ताद.”

“वजन कमी केलं की जास्त जाती, न्हाई?”

“जाते.”

“किती कमी केलंस आतापावतर?”

“पंचाहत्तर किलो. बसा ना.”

“मी बासष्ट आहे.”

त्यांनी दार लावलं. जोरात नाही. त्या गाडीचं दार लावायला जोर लागतही नाही.

“हो पुढं,” ते म्हणाले.

अभिनंदननं काच खाली केली. “तुम्ही?”

“येतो मागनं.”

“उस्ताद, असं कसं...”

इंजिन चालू होतं. डब्यातली पातळी डोळ्यांदेखत खाली सरकतेय असं त्याला वाटलं. ती इतकी भरभर सरकत नव्हती, पण त्याला तसं वाटलं. उस्ताद हात पाठीमागं बांधून उभे होते. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर आपण गाडीतून उतरलो असतो, हे त्यानं पुढं कितीजणांना सांगितलं.

...

त्यानं गिअर टाकला.

आरशात उस्ताद दिसत राहिले. मग वळण आलं.

बासष्ट किलो उतरलेली गाडी त्याला जास्तच हलकी वाटली. खड्डे आले, तो सरळ गेला. आता मागून कुणी काही म्हणत नव्हतं. तीस झाले. चौतीस झाले. सदतीसला इंजिन एकदा खोकलं. त्यानं लगेच न्यूट्रल केलं आणि गाडी जिथवर घरंगळत जाईल तिथवर जाऊ दिली.

साळवणच्या अलीकडं, एका मैलाच्या दगडापुढं चार हातांवर गाडी उभी राहिली.

अडतीस किलोमीटर. लिटरला साडेसात.

त्या गाडीनं नवी असतानासुद्धा एवढं दिलं नसेल. अभिनंदन खाली उतरला. त्याला रडू येईल इतका आनंद झाला. त्यानं खडूनं पुढच्या चाकापाशी रस्त्यावर रेघ मारली. मग हे कुणाला तरी सांगावं म्हणून वळला. जवळ कोणी नव्हतं. शेतात दोन बाया ऊस तोडत होत्या, त्यांनी एकदा बघितलं आणि परत कामाला लागल्या.

टाकीत पेट्रोल होतं. नळी जोडायला दोन मिनिटं लागली असती. मागं जाऊन उस्तादांना घेऊन येता आलं असतं. हे त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण गाडी हलवली तर जागा मोडणार. उस्तादांनी ती जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघायला पाहिजे होती.

तो मैलाच्या दगडावर बसून राहिला. ऊन वर आलं.

तासाभरानं एक ट्रॅक्टर आला. कारखान्यावर ऊस टाकून रिकाम्या ट्रॉल्या घेऊन परत निघालेला, धडधडत, काळा धूर सोडत. त्याच्या मडगार्डवर उस्ताद बसले होते. एका हातानं लोखंडी दांडी धरलेली, दुसऱ्या हातात ड्रायव्हरनं दिलेलं उसाचं कांडं.

“ह्यांनी हात केला नव्हता,” ट्रॅक्टरवाला अभिनंदनला म्हणाला. “म्हातारं माणूस उन्हात चाललंय म्हणून मीच थांबलो. तुमचं कोण लागतात?”

अभिनंदनला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. तो धावत पुढं गेला होता.

“अडतीस, उस्ताद! अडतीस! लिटरला साडेसातच्या वर! ही बघा रेघ. गाडी इंचभर हलवली नाही मी.”

उस्ताद मडगार्डवरून उतरले. ट्रॅक्टरवाल्यानं त्यांना दंडाला धरून उतरवलं. उस्तादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो गेला.

मग ते रेघेपाशी आले. वाकून बघितलं. मैलाचा दगड बघितला. पुढचं दार उघडून रिकामा डबा हलवून बघितला. किलोमीटरचा आकडा बघितला. सगळं नीट, घाई न करता बघितलं.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “अडतीस.”

“मग...”

“एवढं मला कधी जमलं न्हाई.”

अभिनंदनचे डोळे भरून आले. तीन वर्षांत असं वाक्य त्यानं ऐकलं नव्हतं. त्यानं हात पुढं केला. चाक मागायला, की आशीर्वाद घ्यायला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

उस्ताद त्याच्या हाताजवळून पुढं गेले. गाडीला वळसा घालून डाव्या अंगाला आले. शर्टाची वरची गुंडी लावली. मागचं दार उघडलं, ते एका हातानं धरून ठेवलं, एक पाऊल बाजूला सरले, आणि आतलं माणूस उतरेपर्यंत ड्रायव्हर जसा उभा राहतो तसे मान खाली घालून उभे राहिले.

...

अभिनंदन बघत राहिला.

आतून कोणी उतरलं नाही.

...

“उस्ताद?”

उस्तादांनी दार तसंच धरून ठेवलं होतं.

“अडतीस किलोमीटर आणलंस,” ते म्हणाले. “कुणाला?”