गुळाचा खडा आणि वाटीभर चिंचोके

एकदा एका गुळाच्या पेठेत, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली असताना, एका वृद्ध वैद्यांच्या ओसरीवर एक व्यापारी आणि त्याची बायको येऊन बसली. तिच्या कडेवर वर्षाचं लेकरू होतं आणि हातात नवऱ्याच्या तपासणीचा कागद. यकृतावर चरबी, असं त्यात लिहिलेलं.

"विचारा यांना, कुठं पीत बसतात ते," ती म्हणाली. "माझ्या मामाचं यकृत दारूनंच गेलं."

"थेंब शिवला असेल तर या लेकराची शपथ," व्यापारी म्हणाला.

"लेकराला मधे आणू नका."

वैद्यांपाशी एक शिष्या विद्या शिकत होती. संशय तिलाही आलाच. माणूस हातापायानं किडकिडीत, पोट तेवढं पुढं आलेलं, आणि नजर सारखी जमिनीला. निर्दोष माणूस असा बसतो का? पण वैद्यांनी ना जीभ पाहिली, ना तोंडाचा वास घेतला. शिष्येला एक रिकामी वाटी आणि पिशवीभर चिंचोके दिले. "उद्या यांच्या पेढीवर बस. यांचा हात तोंडाशी गेला की एक चिंचोका वाटीत टाक. बोलू काही नकोस."

शिष्येला वाटलं, गुरुजींना बाटलीच पकडायची आहे. दुसऱ्या दिवशी ती डोळ्यांत तेल घालून पेढीवर बसली. पाण्याचा तांब्या आला, तिनं हुंगला. चहा आला, तोही हुंगला. व्यापारी मागच्या खोलीत गेला तशी ही मागोमाग. तिथं नुसती ढेपांची थप्पी. मग सौदे सुरू झाले. दर ढेपेचा खडा काढून व्यापारी जिभेवर ठेवी, भाव बोले, खडा गिळी आणि पुढच्या ढेपेकडे वळे. दुपारपर्यंत बाटली काही सापडली नाही. वाटी मात्र शिगोशीग भरली.

संध्याकाळी तिनं ती तिघांपुढे ठेवली. व्यापारी हसला. "हे काय खाणं झालं, वैद्यबुवा? ही तर चव."

"मग थुंकत का नाही?"

"गूळ थुंकायचा? लक्ष्मी आहे ती."

वैद्य म्हणाले, "यकृत हे शरीराचं कोठार. दारूनं ते नासतं हे खरं, पण अति गोडानंही चरबीनं भरतं, आणि हूं की चूं करत नाही. शेठ, तुमचं गोदाम भरलं की ढेपा कुठं ठेवता?"

"बोळात."

"मग गाड्या अडतात. चरबीही तशीच रक्ताच्या वाटेवर साचते आणि एक दिवस काळजाची गाडी अडते. आपण सगळे बाटली शोधत राहिलो असतो आणि हे लेकरू पोरकं झालं असतं. अजून वेळ आहे. खडा चाखून थुंका, रोज चाला, दवाखान्यात जाऊन साखर आणि काळीज तपासून घ्या. कोंडून ठेवलेली लक्ष्मी कुणाला पावत नाही."

बायकोनं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "पिकदाणी मी देते. पण तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. यांच्या तोंडावर माझा भरवसा नाही."

व्यापाऱ्यानं मान डोलावली. शिष्येला कळलं, संशय घेण्यात चूक नव्हती, तो भलत्याच जागी घेतला होता.

तुमच्या ओळखीत कुणी न पिणारा माणूस असा कागद घेऊन बसला असेल आणि घरचे त्याच्याकडे वाकड्या नजरेनं बघत असतील, तर त्या घरी ही चिंचोक्यांच्या वाटीची गोष्ट जाऊन सांगा.