वेशीवरचा पारवा

एका राज्यात राजा होता, राणी होती, आणि दोघांहून स्वतःला शहाणी समजणारी एक वेस होती. कुण्या मांत्रिकानं ती बांधलेली. येणाऱ्याला विचारी, "हातातलं काम कुणाचं?" कुंभाराचं असेल तर कुंभाराचं म्हणावं, सोनाराचं असेल तर सोनाराचं, की दार उघडे. खोटं बोलणाऱ्याचा पारवा होई आणि कमानीवर जाऊन बसे. आता माणसाची जात ती, कमानीवर बसायला जागा उरली नव्हती.

वेशीबाहेरच्या वाडीत गवरा राहायची. फुटक्या रांजणावरचं अर्धं कमळ ती पुरं करी. विरलेल्या शालूतला मोर पुन्हा उभा करी. म्हाताऱ्या बाया ओवी अर्ध्यावर विसरत, त्या ओवीला ती पुढची ओळ जोडून देई. पण मनात एक सल होता: आपण नवं असं काहीच घडवत नाही.

तिचा नवरा रायाजी एकदा असाच एक रांजण राजाला दाखवायला निघाला.

"वेशीवर काय सांगू?"

"सांगा, चित्रकाराचं काम आहे."

भोळा बिचारा, तसंच बोलला. झालं! पारवा होऊन कमानीवर बसला.

गवरा ऊर फुटेस्तोवर धावत आली. वेस म्हणाली, "तीनदा विचारीन. चुकलीस की दर वेळी त्याच्या आठवणी नेईन. तिसऱ्यांदा चुकलीस तर तो उडून जाईल. खरं बोललीस तर सारे पारवे माणसं होतील."

गवरा विणकरांकडे राहिली, माग शिकली, पातळ विणून आली. "विणकराचं," ती म्हणाली. दार हललं नाही. माग शिकली तरी हात काही विणकराचा झाला नव्हता. पारवा आपलं घर विसरला.

मग गाणाऱ्यांकडे राहिली, गळा घासला, नवं पद बांधून आली. "गाणारीचं," ती म्हणाली. दार हललं नाही. पारवा तिला विसरला. तिच्या हातचे दाणे टिपायचा आणि परक्या बाईकडे बघावं तसा बघायचा. ते तिला मेल्याहून मेल्यासारखं होई. घरी दोन ताटं घेई नि दुसऱ्याकडे बघत उपाशी उठे.

राजाच्या कानावर हे गेलं. त्याला कणव आली. त्यानं निरोप धाडला, "सर्वकलानिपुणेचं, असं सांग. याहून मोठं बिरुद माझ्या दरबारात नाही." गवराला ते आवडलं. कुणाला नसतं आवडलं? तेच घोकत ती वेशीशी आली.

वर पारवा गुणगुणत होता:

"उंबऱ्यात उभी बाई, दिवा धरून हाती..."

तिथंच अडला. पुन्हा तेच, पुन्हा अडला.

"आई दळताना म्हणायची," तो म्हणाला. "पुढचं सापडत नाही. बाई, तुम्हाला येतं का?"

"धनी येईना घरी, सरून गेल्या वाती," गवरा म्हणाली.

"हेच ते," पारवा म्हणाला. "फार दिवस छळत होतं. आता बरं वाटलं."

त्याला बरं वाटलं, एवढ्यानं तिलाही बरं वाटलं. कैक दिवसांनी. ते बिरुद तिनं गिळून टाकलं.

"हातातलं काम कुणाचं?" वेशीनं विचारलं.

"हातात काही नाही," गवरा म्हणाली. "पण माझं काम डागडुजी करणारीचं. मोडलं ते सांधते, तुटलं ते जोडते. नवं घडवणं माझं काम नव्हे, आणि नाही घडवलं तरी चालेल."

दार सताड उघडलं. कमानीवरून माणसं धपाधप खाली पडली. त्यांत स्वतःला राजवैद्य म्हणवणारा एक हलवाईही होता. तो कपडे झटकून मुकाट जिलब्या तळायला गेला. वेस पुन्हा कधी बोलली नाही. चार वेशींसारखी सकाळी उघडायची, तिन्हीसांजेला मिटायची.

रायाजी माणूस झाला. आठवणी मात्र परतल्या नाहीत. हात जोडून तो म्हणाला, "बाई, उपकार झाले. पण मी जाऊ कुठं?"

गवराच्या डोळ्यांना धार लागली. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"कुठवर आठवतं तुम्हाला?"

"आईच्या ओवीपर्यंत."

"बरं," ती म्हणाली. "मग तिथून पुढं जोडू." आणि त्याचा हात धरून वाडीकडे चालू लागली.