निळ्या डोंगराला निघालेला बैल

फार फार मागची गोष्ट. एका आडगावात एक तेली होता, त्याची बायको होती, दहा वर्षांची लेक होती आणि घाण्याला जुंपलेला एक म्हातारा बैल होता.

गोल फिरताना घेरी येऊ नये म्हणून घाण्याच्या बैलाला झापड बांधतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. बैलामागच्या फळीवर वजनाला कुणीतरी बसावं लागतं. ते काम लेकीचं. बसल्या बसल्या ती एक पोथी मोठ्यानं वाचायची. देवाधर्माची नव्हे हं, जादूची! एका मुलीच्या भावाला चेटक्यानं पाखरू करून टाकलेलं, आणि ती दिवा घेऊन त्याला सोडवायला निळ्या डोंगराकडं निघालेली.

आई उंबऱ्यात तीळ पाखडत ऐकायची. तिचं माहेर नदीपलीकडं, दोन दिवसांच्या वाटेवर. बारा वर्षांत जाणं झालं नव्हतं. घाण्याला कुठली सुट्टी! पण लेक वाचायला लागली की तीही त्या मुलीबरोबर ओढे ओलांडायची. पाखडून झालेले तीळ पुन्हा सुपात घ्यायची.

एके दिवशी गोष्टीच्या भरात लेक घाण्यात पाण्याचा शिपका द्यायला विसरली. तीळ कोरडेच भरडले गेले. तेलाचा थेंब नाही.

नेमकी तेव्हाच शेजारीण तेल न्यायला आलेली. "बाई बाई! असलंच वाचून वरच्या आळीतली पोर सुपात बसून छपरावरून उडायला निघाली होती. धरली म्हणून वाचली. मला काय करायचंय म्हणा, पण सांगितलेलं बरं!"

जेवताना तेली बायकोला म्हणाला, "पोर बिघडेल अशानं. उद्या सासरी काय मंतर मारून तेल काढणार आहे? तुला काय वाटतं?"

तिला पुष्कळ काही वाटत होतं. पण 'मलाही ऐकायला आवडतं' हे सांगायची तिला लाज वाटली. "तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली.

सकाळी एक फिरस्ता घुंगरं बांधलेलं घोडं घेऊन रस्त्यानं चालला होता. तेल्यानं पोथी त्याच्या झोळीत टाकली.

लेक रडली नाही. मुकाट फळीवर बसायची, वेळेवर शिपके द्यायची. चौथ्या दिवशी मात्र बैल थांबला. चुचकारलं, शेपूट पिरगाळलं, हलेना.

आई पाणी घेऊन गेली, तर बैल बोलला. "बाई, खरं सांग. आपण निळ्या डोंगराकडं चाललोच नव्हतो ना?"

तिनं पाणी खाली ठेवलं. "कुणी सांगितलं तुला?"

"पायांनी. पोर वाचायची तेव्हा वाट पुढं सरकायची. आता तोच खड्डा, तोच खड्डा."

आईला रडू फुटलं. नवऱ्याला म्हणाली, "अहो, हा एकटाच नव्हता निघाला. मीही निघाले होते."

"कुठं?"

"कुठंही. या घाण्याच्या बाहेर."

तेली रस्त्याकडं धावला. पण चार दिवसांत फिरस्ता केव्हाच लांब गेला होता. परत येऊन तो लेकीजवळ बसला. "पोथी गेली, पोरी. चुकलं माझं. आठवेल तसं तू सांग."

"शेवट मी वाचलाच नाही, बाबा."

"मग गोष्टीतल्या मुलीला आणखी थोडं पुढं तर जाऊ दे."

लेक अडखळत सांगू लागली. मुलीच्या वाटेत एक नदी आली. नदीपलीकडं एक घर होतं, आणि दारात एक म्हातारी कधीची वाट बघत उभी होती. आईच्या हातातलं सूप थांबलं. बैलानं पाऊल उचललं. शिपका द्यायची वेळ झाली तेव्हा तेली स्वतःच उठला, आणि पाणी शिंपडता शिंपडता म्हणाला, "मग? पुढं काय झालं?"

तेल पुन्हा निघू लागलं. पण तो फिरस्ता कधी आला नाही, आणि पाखराचा पुन्हा भाऊ झाला की नाही, ते त्या घरात कुणालाच कळलं नाही. रस्त्यावर घुंगरं वाजली की हातातलं काम टाकून तिघंही दाराकडं बघायची, आणि झापड बांधलेला बैल कान टवकारायचा.

तात्पर्य: झापड बैलाच्या डोळ्यांवर बांधावी, लेकराच्या मनावर बांधली की सगळं घरच जागच्या जागी फिरत राहतं.