टिटवीचा मोडका पंख

नदीकाठच्या एका जंगलात एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. उघड्यावर, वाळूगोट्यांतच अंडी घालते. शत्रू जवळ आला की ही टिटवी एक पंख लोळवत, केविलवाणी ओरडत भलतीकडेच लंगडत जाई. आयती शिकार मिळाली म्हणून शत्रू तिच्या मागे लागे आणि अंड्यांपासून लांब गेला की ती भुर्रकन उडून जाई. एकदा मुंगसाची अशी फजिती सशाने पाहिली आणि तो जंगलभर टिटवीचे कौतुक सांगत सुटला.

त्या जंगलात दर वर्षी उत्तम नटाला मानाचा तुरा मिळत असे. अध्यक्ष होता हत्ती. त्याने टिटवीला निरोप धाडला, "यंदाचा तुरा तुझाच समज. फक्त सर्वांसमोर एकदा ते पंख मोडल्याचे सोंग करून दाखव." टिटवी हरखून गेली. आजवर तुरा मिळवलेले सरडे आणि माकडे काय मिरवत! तो मान आपल्यालाही मिळावा असे तिला फार वाटे. पण मंचावर चढताच तिला पहिल्या रांगेत कोल्हा दिसला. तो डोळे बारीक करून पाहत होता. तिच्या मनात आले, आज सोंग हुबेहूब वठले, तर उद्या हा फसेल कसा? मग अंडी कशी वाचणार?

टिटवीने मुद्दाम सगळा विचका केला. कधी डावा पंख लोळवला, कधी उजवा. मध्येच खुदकन हसली. "अरे, हिला तर धड लंगडताही येत नाही!" माकड ओरडले. ससा बिचारा ओशाळला. तुरा मिळाला वाळक्या पानाचे सोंग घेणाऱ्या सरड्याला. टिटवीला वाईट वाटले, खूप वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी कोल्हा वाळू हुंगत हुंगत आला. अंडी अगदी त्याच्या नाकासमोर होती. तेवढ्यात टिटवी पंख लोळवत त्याच्यापुढे कोसळली. "हिला कुठलं सोंग जमतंय! पंख खरंच मोडलाय," असे म्हणत कोल्हा तिच्यामागे धावला. त्याला पार पलीकडच्या टेकडीपर्यंत पळवून ती उडाली. परत येऊन ती अंड्यांवर ऐसपैस बसली, तेव्हा तिला तुऱ्याची आठवणही झाली नाही.

तात्पर्य : आपली कला ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या उपयोगी पडली, की तिचे चीज झाले, मग तुरा कोणाच्याही डोक्यावर असो.