वेशीवरचं नाव

फार मागे एका गावात पोळ्याची एक रीत होती. बैलांची मिरवणूक वेशीपाशी थांबायची आणि त्या वर्षी गेलेल्या बैलांची नावं सारं गाव मोठ्याने घ्यायचं. एका वर्षी पोवळ्या बैल त्याच घडीची वाट पाहत होता. त्याचा जोडीदार खंड्या पेरणीच्या दिवसांत, मानेवर जू असतानाच कोसळला होता.

पोळ्याच्या सकाळी पेंडीचा व्यापारी पोवळ्याच्या मालकाकडे, कोंडिबाकडे आला. त्याने रेशमी झूल आणली होती आणि तिच्यावर दोन्ही अंगांना ठसठशीत लिहिलं होतं, 'मोरपीस पेंड'.

"यंदा ढोलताशे, तोरण, सगळं माझ्याकडून," तो म्हणाला. "फक्त मानाच्या बैलाने ही झूल घालायची."

कोंडिबा हरखला. पोवळ्याच्या पाठीवर झूल चढली.

मिरवणूक वेशीपाशी आली, तसा पोवळ्या थांबला. ढोलही थांबले. त्याने कान टवकारले. व्यापारी पारावर चढला आणि ओरडला, "बोला, पेंड कोणती?"

"मोरपीस पेंड!" अख्खं गाव गरजलं. कोंडिबाचा आवाज सगळ्यांत मोठा होता. लगेच ढोल पुन्हा घुमू लागले.

पोवळ्या जागचा हलेना. "अरे, खंड्याचं नाव राहिलं," तो शेजारच्या तरण्या बैलाला म्हणाला.

"कोण खंड्या?" तो म्हणाला. "चला की आजोबा, पुढे पेंड वाटतायत."

कोंडिबाने कासरा ओढला. पोवळ्याची मान हळूहळू खाली गेली. लोकांना वाटलं, बैल नमस्कार करतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.